जंतूंना औषधाची ‘सवय’ होते म्हणजे नेमकं काय होतं?

तीन दिवसांचं बाळ. दूध ओढत नाही, रडण्यात जोर नाही, हातपाय गार पडलेत. डॉक्टर त्याचं थोडंसं रक्त कल्चरला, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून तपासायला, पाठवतात. दोन दिवसांनी रिपोर्ट येतो. एकाखाली एक दहा-बारा अँटिबायोटिकांची नावं आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. ‘एस’ म्हणजे या औषधापुढे हा जंतू टिकत नाही. ‘आर’ म्हणजे टिकतो. आणि या कागदावर वरपासून खाली आर, आर, आर, आर. अगदी तळाशी एखाद-दुसरा एस.

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांना असा रिपोर्ट नवा नाही. मी त्यापासून सुरुवात केली, कारण आपल्या बोलण्यात घट्ट बसलेली एक समजूत तो एका फटक्यात मोडून काढतो. ‘अंगाला औषधाची सवय झाली’, ‘मला आता साध्या गोळ्या लागूच पडत नाहीत’ असं आपण सहज म्हणतो. पण या बाळाने त्या यादीतल्या बहुतेक औषधांचा एक थेंबही कधी घेतलेला नाही. मग सवय कोणाला झाली?

बाळाला नाही, हे उघड आहे. आर हे अक्षर बाळाच्या शरीराबद्दल काही सांगतच नाही. ते बाळाच्या रक्तात शिरलेल्या जिवाणूबद्दल आहे, आणि तो जिवाणू त्याच्यापर्यंत पोचण्याआधी इतर माणसांमधून, हातांवरून, पृष्ठभागांवरून फिरून आलेला आहे. त्या प्रवासात त्याच्या पूर्वजांनी ही औषधं पाहिली, बाळाने नव्हे. एवढी एक गोष्ट पक्की धरली की पुढचं सगळं सोपं होतं.

‘सवय’ हा शब्द जिवाणूंच्या बाबतीतही तसा चुकीचाच आहे. पण त्याकडे थोड्या वेळाने येऊ. आधी औषध काय करतं ते पाहू.

औषध जिवाणूला मारतं, आपल्याला का नाही?

अँटिबायोटिकची सगळी करामत एका फरकावर उभी आहे. जिवाणूची पेशी आणि आपली पेशी यांची रचना काही ठिकाणी वेगळी असते, आणि औषध नेमकं त्या वेगळ्या जागी वार करतं. पेनिसिलिनचं उदाहरण घ्या. बहुतेक जिवाणूंच्या पेशीभोवती एक भक्कम भिंत असते, जी आपल्या पेशींना नसते. ही भिंत म्हणजे दोऱ्यांची जाळी समजा. जिवाणू वाढतो तसे जाळीत नवे दोरे घालावे लागतात आणि त्यांना आडव्या गाठी माराव्या लागतात. गाठी मारायचं काम एक प्रथिन करतं. पेनिसिलिनचा रेणू दिसायला त्या दोऱ्याच्या टोकासारखा असतो. गाठ मारणारं प्रथिन फसतं, दोऱ्याऐवजी पेनिसिलिनला पकडतं आणि तिथेच अडकून बसतं. गाठी पडायच्या थांबतात, भिंत विरळ होत जाते. पेशीच्या आत पाण्याचा दाब बराच असतो. शेवटी जिवाणू फुटतो.

दुसरी काही औषधं जिवाणूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेत खोडा घालतात. काही त्याच्या डीएनएची नक्कल होऊ देत नाहीत. तपशील वेगळे, पण तत्त्व तेच.

सर्दी, फ्लू यांना अँटिबायोटिक का चालत नाही, याचं उत्तरही इथेच मिळतं. हे आजार विषाणूंचे. विषाणूला ना भिंत असते, ना प्रथिनं बनवायची स्वतःची यंत्रणा. तो आपल्याच पेशींची यंत्रणा वापरतो. ज्या जागी वार करायचा ती जागाच त्याच्याकडे नाही. सर्दीत अँटिबायोटिक घेतलं आणि पाच दिवसांनी बरं वाटलं, तर ते पाच दिवस उलटल्यामुळे वाटलं.

बचावाच्या तऱ्हा

आता जिवाणूच्या बाजूने पाहू. औषधापासून वाचायला तो काय काय करू शकतो?

सगळ्यात थेट मार्ग म्हणजे औषधच तोडून टाकणं. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं आणि औषधाची सगळी ताकद त्या कड्यात असते. काही जिवाणू असं विकर (एन्झाइम) बनवतात जे हे कडं फोडतं. कडं फुटलं की पेनिसिलिन निकामी. हे विकर एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी ऑक्सफर्डमध्ये शोधलं ते १९४० साली. ही तारीख मला फार बोलकी वाटते, कारण तेव्हा पेनिसिलिन औषध म्हणून बाजारात आलेलंही नव्हतं. कुलूप तयार व्हायच्या आधी किल्ली जगात होती.

दुसरा मार्ग औषधाला बाहेर फेकण्याचा. १९८० साली अमेरिकेत लॉरा मॅकमरी, स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की काही जिवाणू आत आलेलं टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक पंपाने उपसून बाहेर टाकतात. होडीत पाणी शिरतंय आणि नावाडी त्याच वेगाने उपसतोय, तसं. यातली अवघड बाब अशी की काही पंप एकाच औषधापुरते नसतात. समोर येईल ते बाहेर टाकतात, त्यामुळे एका फटक्यात तीन-चार वेगवेगळी औषधं कुचकामी होतात.

तिसरा मार्ग म्हणजे औषधाचं लक्ष्यच बदलणं. पेनिसिलिन तोडणाऱ्या विकरावर उपाय म्हणून मेथिसिलिन हे नवं औषध आलं. त्याचं कडं त्या विकराला फोडता येत नव्हतं. ते वापरात आल्यावर साधारण वर्षभरातच, १९६१ मध्ये, ब्रिटनमधून त्याला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जिवाणूची नोंद झाली. तोच पुढे एमआरएसए म्हणून जगभर कुप्रसिद्ध झाला. त्याने औषध तोडलं नव्हतं, गाठी मारणारं प्रथिनच वेगळं आणलं होतं. या नव्या प्रथिनावर मेथिसिलिन नीट चिकटत नाही, त्यामुळे भिंतीचं काम चालूच राहतं. व्हँकोमायसिनच्या बाबतीत तर बदल आणखी बारीक. ते औषध दोऱ्याच्या टोकाला चिकटतं. प्रतिरोधक, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या, जिवाणूंनी त्या टोकाचा एक घटक बदलला, आणि औषधाची पकड जवळजवळ हजार पटींनी ढिली झाली.

काही जिवाणू दारंच अरुंद करतात, म्हणजे ज्या छिद्रांतून औषध आत येतं ती कमी करतात. यात त्यांना स्वतःचं अन्नही कमी मिळतं, पण उपाशी राहणं मरण्यापेक्षा बरं.

हे सगळं त्यांना सुचतं कसं?

सुचत नाही. इथेच ‘सवय’ हा शब्द दगा देतो. सवय म्हणजे त्याच जिवाणूने औषध सोसत सोसत स्वतःला बदललं, असा अर्थ होतो. प्रत्यक्षात औषध समोर आल्यावर बहुतेक जिवाणू मरतात. उरतो तो, जो औषध येण्याआधीच योगायोगाने वेगळा होता.

हा योगायोग वाटतो तितका दुर्मीळ नसतो. आतड्यातला ई. कोलाय चांगली परिस्थिती असेल तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. आठ तासांत चोवीस वेळा दुप्पट झाला तर एकापासून १ कोटी ६७ लाखांहून अधिक. प्रत्येक वेळी त्याला आपल्या डीएनएची सुमारे ४६ लाख अक्षरं उतरवून घ्यावी लागतात. तो कमालीचा काटेकोर लेखनिक आहे. साधारण हजार प्रतींमागे एखादी चूक. तरीही १ कोटी ६७ लाख प्रतींमध्ये हजारो चुका झाल्या. बहुतेक चुका निरुपयोगी, काही घातक. पण एखादी अशी निघते की पंप थोडा जास्त चालतो किंवा औषधाची पकड बसायची जागा थोडी वाकडी होते. औषध नसेल तर या चुकीला काही किंमत नाही. औषध आलं की आजूबाजूचे सगळे मरतात, जागा रिकामी होते, अन्न उरतं आणि तो एकटा पुन्हा दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ लागतो.

चूक आधी होते आणि औषध नंतर येतं, हे सिद्ध कसं केलं, ती हकिगत मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते. १९४३ साली साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांना हाच प्रश्न पडला होता. त्यांनी औषधाऐवजी जिवाणू मारणारा एक विषाणू वापरला. मुद्दा तोच होता: वाचणारे जिवाणू संकट आल्यावर बदलतात की आधीच बदललेले असतात? लुरियाला युक्ती सुचली ती एका पार्टीत, सहकाऱ्याला जुगाराच्या यंत्रात नाणी टाकताना बघून. यंत्र बहुतेक वेळा काहीच देत नाही आणि क्वचित भरभरून देतं.

समजा तुम्ही वीस नळ्यांमध्ये मोजकेच जिवाणू टाकून ते वेगवेगळे वाढवले आणि मग प्रत्येक नळीतल्या जिवाणूंवर विषाणू सोडला. बदल संकट आल्यावर होत असेल, तर सगळ्या नळ्यांना संकट सारखंच आहे, म्हणून प्रत्येक नळीत वाचणारे जवळपास सारखे निघतील. पण बदल वाढीच्या काळात कधीही, आपोआप होत असेल, तर काही नळ्यांत तो लवकर झाला असेल आणि त्या एकाची मोठी संतती असेल. काहींत अगदी शेवटी झाला असेल, तर काहींत झालाच नसेल. आकडे वेडेवाकडे येतील. तसेच आले. कुठे शून्य, कुठे एखाद-दुसरा, आणि मध्येच एखाद्या नळीत शंभरावर. जुगाराच्या यंत्रासारखे. या दोघांना १९६९ मध्ये नोबेल मिळालं, त्यात या कामाचा वाटा होता.

१९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी तेच आणखी साधेपणाने दाखवलं. मखमलीचा तुकडा घेतला, जिवाणू उगवलेल्या ताटलीवर शिक्क्यासारखा दाबला आणि तो औषध घातलेल्या ताटल्यांवर टेकवला. प्रत्येक ताटलीत जिवाणू उगवले ते त्याच त्याच जागी. म्हणजे मूळ ताटलीत, जिथे औषधाचा मागमूस नव्हता, तिथे ते आधीपासून बसलेले होते.

डोळ्यांनी बघायचं असेल तर २०१६ मध्ये हार्वर्डच्या रॉय किशोनी आणि मायकेल बेम यांच्या गटाने केलेला प्रयोग बघावा. त्याची चित्रफीत सहज सापडते. चार फूट लांब, दोन फूट रुंद अशी एक प्रचंड ताटली. दोन्ही टोकांना औषध नाही, आत जावं तसं दर पट्ट्याला दहापट औषध, मध्यभागी तर जिवाणूला मारायला पुरेल त्याच्या हजारपट आणि त्याहून जास्त. ई. कोलाय टोकाला सोडले. ते पसरत पहिल्या सीमेपर्यंत आले आणि थांबले. मग सीमेवरच्या एका ठिपक्यातून एक जण आत घुसला आणि पंख्यासारखा पसरला. पुढच्या सीमेवर पुन्हा थांबा, पुन्हा एक ठिपका, पुन्हा पंखा. अकरा-बारा दिवसांत मधला पट्टा पांढरा झाला. अर्धवट डोस का धोक्याचा, याचं इतकं स्पष्ट उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. शून्यावरून थेट हजारपटीवर उडी मारणं जवळजवळ अशक्य असतं. पायऱ्या मिळाल्या की ते चढतात.

उसनवारी

एवढंच असतं तर निभावलं असतं. चूक व्हायला, निवड व्हायला, पसरायला वेळ लागतो. पण जिवाणूंकडे आणखी एक सोय आहे, जी आपल्याकडे नाही. ते जनुकं एकमेकांना देतात. आपल्या पिल्लांनाच नव्हे, शेजाऱ्यालाही, आणि कधी कधी वेगळ्याच जातीच्या जिवाणूला.

याचा पहिला धागा १९२८ सालचा. त्या वर्षी लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीभोवतीचे जिवाणू विरघळलेले दिसले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्याच वर्षी, त्याच शहरात, फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी आणखी एक निरीक्षण छापलं. न्यूमोनियाचे मारून टाकलेले घातक जिवाणू आणि जिवंत पण निरुपद्रवी जिवाणू असे दोन्ही एकत्र उंदरांना टोचले, तर उंदीर मरत आणि त्यांच्या रक्तात जिवंत घातक जिवाणू सापडत. मेलेल्यांचा गुण जिवंतांनी उचलला होता. औषध आणि त्याला निष्प्रभ करणाऱ्या देवाणघेवाणीचा पहिला पुरावा, दोन्ही एकाच वर्षातले.

ही देवाणघेवाण औषधांच्या बाबतीत केवढी धोक्याची आहे, हे कळलं जपानमध्ये. १९५० च्या दशकात तिथे अतिसाराचे असे जिवाणू सापडू लागले, जे सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारांनाही एकदम जुमानत नव्हते. चार स्वतंत्र चुका एकाच जिवाणूत, एकाच वेळी? गणितात बसेना. त्यात असं दिसलं की त्याच रुग्णांच्या आतड्यातले साधे ई. कोलायसुद्धा त्याच चार औषधांना प्रतिरोधक आहेत. १९५९ मध्ये कुनितारो ओचिआई आणि तोमोइचिरो अकिबा यांच्या गटांनी दाखवलं की दोन्ही जिवाणू एकत्र ठेवले तर प्रतिरोध एकातून दुसऱ्यात जातो, चारही औषधांचा एकगठ्ठा.

गठ्ठा म्हणजे प्लाझ्मिड. मुख्य डीएनएखेरीज पेशीत असलेलं डीएनएचं एक छोटं वर्तुळ. एक जिवाणू दुसऱ्याला बारीक नळीसारख्या धाग्याने जोडून घेतो, वर्तुळाची एक प्रत तिकडे पाठवतो आणि स्वतःची प्रत ठेवतोही. सुरुवातीच्या बाळाकडे परत पाहा. त्याच्या रिपोर्टवर इतके आर एकदम कसे आले, याचं उत्तर बहुतेक वेळा हे असतं. यातून एक वाईट परिणाम निघतो: तुम्ही यातलं एकच औषध वापरलं तरी निवड पूर्ण गठ्ठ्याची होते. टेट्रासायक्लिनच्या वापराने स्ट्रेप्टोमायसिनचा प्रतिरोधही जपला जातो.

आणि हे गठ्ठे भरायला लागणारी जनुकं आली कुठून? मातीतून, फार जुन्या काळापासून. आपली बरीचशी अँटिबायोटिकं मुळात मातीतल्या बुरशीने आणि जिवाणूंनी एकमेकांविरुद्ध बनवलेली आहेत. जो विष बनवतो त्याला स्वतःच्या विषातून वाचायची सोयही ठेवावी लागते. कॅनडातल्या युकॉन भागात ३० हजार वर्षं गोठलेल्या मातीतून काढलेल्या डीएनएमध्ये पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन आणि व्हँकोमायसिन या तिन्ही प्रकारच्या औषधांविरुद्धची जनुकं सापडली, असा शोधनिबंध २०११ मध्ये आला. माणसाने प्रतिरोध निर्माण केला नाही. मातीत विखुरलेलं जे होतं, ते आपण गेल्या ८० वर्षांत आपल्या आतड्यांत आणि रुग्णालयांत गोळा केलं.

ज्यांच्यासाठी औषध नव्हतंच

इथे मला वाचकाला थोडं थांबवायचं आहे, कारण या विषयावरच्या बोलण्यात नेमकी ही गोष्ट सुटते.

आपल्या अंगावर आणि अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. बहुसंख्य निरुपद्रवी, बरेच उपयोगी. घसा दुखतो म्हणून आपण गोळी घेतो तेव्हा ती फक्त घशात जात नाही. रक्तातून, आतड्यातून सगळीकडे जाते. घशातल्या दोषी जिवाणूंबरोबर आतड्यातल्या कोट्यवधी निर्दोष जिवाणूंवरही तोच घाव पडतो, आणि त्यांच्यातही कोणी वाचणारा असतो. तो आजार करत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण त्याच्याकडे गठ्ठा असतो. पुढे मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, शस्त्रक्रिया झाली, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाकडे तो गेला, तर तोच आजाराचं कारण होतो किंवा गठ्ठा दुसऱ्या घातक जिवाणूला देतो.

म्हणून विषाणूच्या तापात घेतलेलं अँटिबायोटिक ‘उपयोग नाही, पण नुकसानही नाही’ या सदरात बसत नाही. तिथे फायदा शून्य आहे आणि निवड मात्र पूर्ण जोरात चालू आहे. रक्तदाबाची गोळी मी चुकीची घेतली तर त्रास मला होईल. अँटिबायोटिक हे असं औषध आहे की माझ्या गोळीचा परिणाम तीन दिवसांच्या परक्या बाळाच्या रिपोर्टवर उमटू शकतो.

याच कारणामुळे ‘कोर्स पूर्ण करा’ या सल्ल्याकडेही डॉक्टर आता नव्याने पाहतात. फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात कमी डोसाबद्दल इशारा दिला होता, आणि तो खराच होता. पण त्यातून ‘जितके जास्त दिवस तितकं सुरक्षित’ अशी समजूत रुजली. आतड्यातल्या निर्दोष जिवाणूंचा विचार केला तर प्रत्येक जास्तीचा दिवस हा निवडीचा जास्तीचा दिवस असतो. अनेक संसर्गांत, उदाहरणार्थ साध्या न्यूमोनियात, पाच दिवस हे सात-दहा दिवसांइतकेच पुरतात, असं चाचण्यांमधून दिसलं आहे.

क्षयरोग मात्र याला ठळक अपवाद. क्षयाचा जंतू गठ्ठे उसने घेत नाही. त्याचा प्रतिरोध त्याच रुग्णाच्या फुप्फुसात, चुकांमधून तयार होतो. १९४० च्या दशकात एकटं स्ट्रेप्टोमायसिन दिलेले अनेक रुग्ण आधी सुधारले आणि मग प्रतिरोधक जंतू वाढून पुन्हा खालावले. उपाय गणिताने दिला. समजा एका औषधातून वाचणारा दहा लाखांत एक असतो आणि दुसऱ्यातून वाचणाराही दहा लाखांत एक. तर दोन्हींतून एकदम वाचणारा एक लाख कोटींत एक. तितके जंतू रुग्णाच्या फुप्फुसात नसतात. म्हणून क्षयावर एकदम तीन-चार औषधं, आणि महिनोन्‌महिने, एकही दिवस न चुकवता. तिथे मध्येच सोडणं म्हणजे त्या मोठ्या ताटलीतल्या जिवाणूंना पायऱ्या बांधून देणं. तात्पर्य, किती दिवस हा निर्णय आजारागणिक वेगळा असतो आणि तो डॉक्टरांना विचारूनच घ्यायचा. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायच्या नाहीत आणि दुसऱ्या कोणाला द्यायच्या नाहीत.

काय गमावतोय

फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिन देण्यात आलं. संसर्गाने त्याचा चेहरा सुजला होता, एक डोळा काढावा लागला होता. चोवीस तासांत तो सुधारू लागला. पण जगात तेव्हा होतं तेवढं सगळं पेनिसिलिन मूठभर होतं. त्याच्या लघवीतून औषध परत काढून पुन्हा दिलं. तरी साठा संपला. संसर्ग उलटला आणि मार्चमध्ये तो गेला. औषध लागू पडत होतं, पण पुरेसं नव्हतं. आज कपाटं भरलेली आहेत, पण औषध लागू पडत नाही. रुग्णासाठी दोन्हींचा शेवट एकच.

२०१९ मध्ये जगभरात अंदाजे १२ लाख ७० हजार माणसं थेट प्रतिरोधक जिवाणूंमुळे दगावली, असं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने सांगितलं. पण मृत्यूंच्या आकड्यात न दिसणारं नुकसानही मोठं आहे. सिझेरियन, गुडघ्याचं प्रत्यारोपण, कॅन्सरची केमोथेरपी, अवयवरोपण, कमी दिवसांच्या बाळांची देखभाल ही सगळी आधुनिक वैद्यकाची कामं एका गृहीतकावर चालतात, की संसर्ग झाला तर आवरता येईल. ते गृहीतक ढासळलं तर शस्त्रक्रिया करायची की नाही, हा प्रश्नच वेगळा होतो.

माणसांइतकाच, किंबहुना जास्त, वापर जनावरांमध्ये होतो, आणि त्यातला काही भाग आजारासाठी नसून जनावरं लवकर पोसावीत म्हणून. कमी मात्रा, रोज, हजारो जनावरांना. पायऱ्या बांधायची याहून उत्तम सोय नाही. कोलिस्टिन हे डॉक्टरांचं अगदी शेवटचं राखीव औषध. त्याच्याविरुद्धचं जनुक प्लाझ्मिडवर चढलेलं सापडलं चीनमध्ये, डुकरांतल्या, मांसातल्या आणि रुग्णांतल्या जिवाणूंमध्ये. ही बातमी २०१५ ची. चीनने २०१७ मध्ये कोलिस्टिनचा वाढीसाठीचा वापर थांबवला. युरोपीय संघाने असा वापर २००६ पासूनच बंद केला होता. असे नियम शक्य असतात, एवढं त्यातून नक्की दिसतं.

नवी औषधं येतील की, असं कोणी म्हणेल. येतात, पण थोडी. अडचण विज्ञानाइतकीच पैशाची आहे. नवं अँटिबायोटिक निघालं की डॉक्टर ते शहाणपणाने जपून ठेवतात. मग विकणार काय? प्लाझोमायसिन या नव्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये परवानगी मिळाली आणि ते बनवणारी कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रिटनने २०२२ पासून वेगळी वाट धरली: दोन औषधांसाठी कंपन्यांना वर्षाला ठरावीक रक्कम, विक्री कितीही होवो. अग्निशमन दलाला आपण आगी मोजून पगार देत नाही, तसं. मला हा विचार पटतो.

तोवर, संसर्गच कमी झाले तर औषध कमी लागेल. हात धुणं, स्वच्छ पाणी, लसी. न्यूमोकॉकस या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूची लस लहान मुलांना दिल्यावर अमेरिकेत प्रतिरोधक न्यूमोकॉकसचे गंभीर संसर्गही घटले.

आणि घरातलं कोणी गंभीर आजारी असेल तेव्हा आपल्याला करता येण्यासारखी एक गोष्ट. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागतात, कारण जिवाणू ताटलीत वाढवून मगच औषधं तपासता येतात. नमुना शक्यतो पहिल्या डोसाआधी घ्यावा लागतो. औषध गेल्यावर जिवाणू अर्धमेले होतात आणि ताटलीत काहीच उगवत नाही. त्यामुळे ‘कल्चर घेतलं का?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. ते नमुना घेतात आणि रुग्णाची अवस्था वाट बघण्यासारखी नसेल तर अंदाजाने, बऱ्याच जिवाणूंना पुरून उरेल असं जड औषध लगेच सुरू करतात. दोन दिवसांनी कधी कधी ते औषध बंद होतं आणि जुनं, साधं, स्वस्त औषध सुरू होतं. नातेवाइकांना काळजी वाटते: एवढं भारी औषध चालू होतं, आता हलकं का दिलं? बहुतेक वेळा कारण इतकंच असतं की रिपोर्ट आला आहे आणि त्या जुन्या औषधापुढे एस लिहिलेला आहे.